वाटसरूची अडचण

मनुष्य परगांवीं निघाला म्हणजे चार प्रश्न त्याच्यापुढें उभे राहतात. खावें काय, प्यावें काय, निजावें कोठें, आणि शरीराचा जो नित्य विधि राजापासून रंकापर्यंत कोणालाहि चुकला नाहीं तो उरकावा कोठें? पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें आपल्या समाजानें फार पूर्वींच दिलीं. अन्नछत्रें निघालीं, पाणपोया बसल्या, धर्मशाळा उभ्या राहिल्या, आणि त्या बांधणारांचीं नांवें दगडांवर कोरलीं गेलीं. अहल्याबाई होळकरांनीं भारतभर घाट, विहिरी व धर्मशाळा बांधल्या, हें शाळेंतलें मूलहि सांगेल. चौथ्या प्रश्नाच्या बाबतींत मात्र दगड मुके आहेत. क्षेत्रमाहात्म्यें स्नान कोठें करावें, तर्पण कोठें करावें, दान कोणतें द्यावें हें बारकाईनें सांगतात; पण यात्रेकरूनें पहांटे तांब्या घेऊन कोणती दिशा धरावी, याविषयीं एक अक्षर बोलत नाहींत. आजच्या प्रवासी पुस्तिकांचीहि गत बहुधा तीच आहे.

या मौनाला आपली भाषाहि साक्षीदार आहे. ‘परसाकडे जाणें’, ‘बहिर्दिशेस जाणें’, ‘झाड्यास जाणें’ हे जुने शब्दप्रयोग पाहिले तर त्यांत दिशा आहे, पण स्थान नाहीं. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा, आणि बहिर्दिशा म्हणजे गांवाबाहेरची दिशा. ‘पायखाना’ हा शब्द फारसींतून आला, आणि ‘शौचकूप’ हा संस्कृत वळणाचा. खेडुताला पूर्वीं या दोहोंचीहि गरज भासत नसे. त्याला ‘बाहेर’ पुरत होतें. शौचकूपाचा इतिहास म्हणजे एका अर्थानें हें ‘बाहेर’ कसें आटत गेलें याचा इतिहास होय. आणि ज्याला त्याची झळ अधिक लागली तो गांवकरी नव्हे, तर वाटसरू होय. गांवकऱ्याला आपलें शेत ठाऊक असतें, शेजाऱ्याचा बांध ठाऊक असतो, कोणत्या वेळीं कोणती वाट निर्जन असते हें ठाऊक असतें. परक्या माणसाला यांतलें कांहींच ठाऊक नसतें. आणि विचारण्याची लाज मात्र सर्वांहून अधिक असते.

प्राचीनांनीं या विषयाकडे दुर्लक्ष केलें होतें असें नाहीं. मोहेंजोदडोच्या घरांतील स्नानगृहें व रस्त्यांखालच्या झांकलेल्या मोऱ्या चार हजार वर्षांहून जुन्या आहेत. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत रस्ता, गोठा, नांगरलेलें शेत आणि पाणी हीं स्थानें मलमूत्रविसर्गासाठीं निषिद्ध सांगितलीं आहेत. कोठें जाऊं नये हें तिनें सांगितलें. जाण्यासाठीं एखादी वास्तु बांधावी असें मात्र सांगितलें नाहीं, कारण रान पुष्कळ होतें. याउलट बौद्ध भिक्षु विहारांत शेंकड्यांनीं एकत्र राहत. त्यामुळें त्यांच्या विनयपिटकांत शौचगृहाचे नियम आले. बाहेर उभा असलेल्यानें खोकावें, आंत असलेल्यानें खोकून उत्तर द्यावें. आंत जाण्याचा क्रम वडीलकीनें नव्हे, तर जो आधीं आला त्याचा आधीं, असा धरावा. हे नियम वाचतांना हंसूं येतें. पण थोडा विचार केला तर लोकसमूह आणि शौचकूप यांचा संबंध त्या भिक्षूंना नीट कळला होता असें दिसून येतें. माणसें एकत्र आलीं कीं या बाबतींत नियम हवा आणि जागा हवी.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला; परंतु त्या मुलुखांतली वाट फार जुनी. सुरतेच्या बंदरांत उतरलेला माल बऱ्हाणपुराकडे व तेथून आग्र्याकडे जाई, तो याच प्रदेशांतून. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा १६१५ सालीं सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला, तो नवापूर व नंदुरबार यांवरूनच. पुढें फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानेंहि आपल्या प्रवासवर्णनांत नंदुरबारचा उल्लेख केला. अशा वाटेवर बैल, उंट व माणसें यांचा तांडा पाणी पाहून उतरे, रात्र काढी आणि पहांटे पुढें जाई. त्याच्या मागें जें राही तें ऊन, पाऊस व किडे यांच्या हवालीं होई. तांडा लहान आणि रान मोठें, तोंपर्यंत सृष्टीचा हा हिशेब जमत असे.

तो हिशेब चुके तो यात्रेंत. शहादें तालुक्यांत तापी व गोमाई यांच्या संगमावर प्रकाशा हें क्षेत्र आहे. येथें १९५५ सालीं पुरातत्त्व खात्याच्या वतीनें बी. के. थापर यांनीं उत्खनन केलें, तेव्हां ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उजेडांत आली. म्हणजे या कांठावर माणसें तीन हजार वर्षांहून अधिक काळ राहत आलीं आहेत. लोक या गांवाला दक्षिणकाशी म्हणतात, आणि गुरु सिंह राशींत आला म्हणजे बारा वर्षांनीं येथें मोठी यात्रा भरते. गांवाची नित्याची वस्ती नदीकांठच्या रानाला जड होत नाहीं. परंतु जी भूमि गांवाला वर्षभर पुरते तिच्यावर चार दिवसांत गांवाच्या अनेक पट माणसें उतरलीं, तर ती पुरी पडत नाहीं. त्यांतून सर्वांना पाणी हवें असतें, म्हणून सर्व नदीच्या जवळच जातात. आणि त्याच नदींत स्नान, तिचेंच तीर्थ, तिचेंच पिण्याचें पाणी.

‘बाहेर’ मुळींच नसलें तर मनुष्य काय करतो, हें पाहावयाचें असेल तर सातपुड्याच्या पायथ्याहून समुद्रकांठीं गेलें पाहिजे. मालवणच्या समुद्रांतील कुरटे बेटावर शिवछत्रपतींनीं २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला, आणि १६६७ पर्यंत किल्ला पुरा झाला. चोहोंकडे खारें पाणी, आंत मोजकी जागा, तटावर रात्रंदिवस पहारा. पहारेकऱ्यानें जागा सोडून जावें तर कोठें? बांधणाऱ्यांनीं हा प्रश्न आधींच सोडविला आणि तटाच्या रचनेंतच शौचकूप ठेवले. ते आजहि पाहावयास मिळतात. रायगड, राजगड या डोंगरी किल्ल्यांवरहि तशी सोय आढळते. आज मालवणास येणारा प्रवासी ही योजना पाहून थक्क होतो; आणि थोड्याच वेळानें तशीच सोय आपल्यासाठीं कोठें आहे, याची चौकशी करूं लागतो. साडेतीन शतकांपूर्वीं जें पहारेकऱ्याला मिळालें तें पाहुण्याला सहज मिळावें, ही अपेक्षा फार मोठी नव्हे.

एकोणिसाव्या शतकांत या प्रश्नाकडे सरकारचें लक्ष गेलें, तें दयेनें नव्हे, भीतीनें. १८६५ सालीं मक्केच्या यात्रेंत पटकीचा उद्भव झाला आणि ती यूरोपापर्यंत पोंचली. पुढच्याच वर्षीं कॉन्स्टँटिनोपल येथें राष्ट्रांची आरोग्यपरिषद भरली, आणि हिंदुस्थानांतील मोठ्या यात्रांकडे जगाचें बोट वळलें. १८५४ सालीं लंडनमध्यें डॉक्टर जॉन स्नो यांनीं पटकीचा संबंध दूषित पाण्याशीं दाखवून दिला होता. तिचा जंतु रॉबर्ट कॉख यांनीं ओळखला तो १८८४ सालीं, कलकत्त्याच्या मुक्कामांत. या दोन सालांच्या मध्यंतरीं, १८६७ च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यांत, चर खणून शौचस्थानें करण्याचा मोठा प्रयत्न झाला. तरीहि पाऊस झाला, आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर पटकी उत्तर हिंदुस्थानांत पसरली. त्यावरून एक धडा मिळाला. नुसते चर खणून भागत नाहीं. मैला पाण्यापासून दूर राहिला पाहिजे, आणि पाऊस येणार हें धरून चाललें पाहिजे.

यानंतर कायदे आले. १८६७ सालींच सराईंचा कायदा झाला. त्यानें सराईच्या चालकावर खोल्या, ओसऱ्या, मोऱ्या व विहिरी साफ ठेवण्याचें, पहारेकरी नेमण्याचें आणि दरांचें पत्रक लावण्याचें बंधन घातलें. पण वाटसरूसाठीं शौचकूप बांधावा असें स्पष्ट कलम त्या कर्तव्यांच्या यादींत घातलें नाहीं. पाहुणचारगृहानें कोणाहि वाटसरूला शौचकूप वापरूं दिलाच पाहिजे, असा या कायद्याचा अर्थ पुष्कळ लोक करतात. मूळ शब्द पाहिले तर तो समज फार ताणलेला ठरतो. नंदुरबारची नगरपालिका याच १८६७ सालची. १८८९ सालीं मुंबई इलाख्यासाठीं ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत प्रांतोप्रांतीं यात्रासमित्या नेमून क्षेत्रांच्या आरोग्याची पाहणी करण्यांत आली. पंढरपूरासारख्या ठिकाणीं व्यवस्था वाढली; पण तिच्यामागें सांथीचा धाक होता. यात्रा संपली कीं चर बुजत, तट्टे निघत, आणि पुढच्या यात्रेपर्यंत तो विषय संपे. यात्रेकरू म्हणजे रोग आणणारा, ही सरकारी दृष्टि. यात्रेकरू म्हणजे अडचणींत असलेला माणूस, ही दृष्टि त्या कागदांत क्वचितच दिसते.

त्याच सुमारास विलायतेंत मात्र दुसराच विचार पुढें आला होता. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत जॉर्ज जेनिंग्ज नांवाच्या कारागिरानें प्रेक्षकांसाठीं स्वच्छ शौचकूप बसविले आणि एक पेनी दर ठेवला. सवाआठ लाखांहून अधिक लोकांनीं पैसे देऊन त्यांचा उपयोग केला. स्वच्छ जागा मिळत असेल तर माणूस तिच्यासाठीं आनंदानें पैसा मोजतो, हें त्या एका प्रदर्शनानें सिद्ध केलें. हिंदुस्थानांत तोच अनुभव येण्यास सव्वाशें वर्षें जावीं लागलीं. बिंदेश्वर पाठक यांनीं १९७० सालीं सुलभ संस्था काढली, आणि १९७४ सालीं पाटण्यास पैसे देऊन वापरण्याचे सार्वजनिक शौचकूप उघडले. पुढें ती पद्धति देशभर पसरली.

या विलंबाचें कारण पैशांच्या अभावांत शोधणें पुरेसें नाहीं. खरें कारण आपल्या समाजरचनेंत आहे. नगरपालिकांच्या राज्यांत शहरांतून पाटीचे संडास आले. तेथील मैला भरून डोक्यावरून वाहून नेण्याचें काम एका विशिष्ट जातीच्या माथीं मारलें गेलें, आणि तें जन्मभर, वंशपरंपरेनें. जी जागा साफ करणाऱ्यालाच समाज अस्पृश्य मानतो, त्या जागेविषयीं अभिमान बाळगून ती बांधणार कोण, आणि तिला आपलें नांव देणार कोण? धर्मशाळेला दाता मिळाला, पाणपोईला दाता मिळाला, पण शौचकूपाला मिळाला नाहीं, याचें मूळ येथें आहे. वाटसरूची अडचण आणि भंगीकाम करणाऱ्याचें दुःख हीं एकाच रोगाचीं दोन लक्षणें होत.

हें ओळखून ज्यांनीं हातांत झाडू व फावडें घेतलें अशीं माणसें थोडीं, पण त्यांचें काम मोठें. १९१५ च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यांत महात्मा गांधींच्या फिनिक्स मंडळींनीं मैल्यावर माती टाकण्याचें काम पत्करलें. कोंकणांत अप्पा पटवर्धन यांनीं तेंच व्रत जन्मभर चालविलें. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत असतांना त्यांनीं भंगीकाम मागितलें. सवर्ण कैद्याला तें काम देण्यास अधिकारी तयार होईनात, तेव्हां अप्पांनीं अन्न कमी केलें. आणि त्यांच्या पाठिंब्यासाठीं ३ डिसेंबर १९३२ रोजीं येरवड्यास गांधीजींनींहि उपोषण आरंभिलें. पुढें कणकवलीजवळ गोपुरी येथें अप्पांनीं संडासांचे प्रयोग केले. मैल्याला माणसाचा हात लागूं नये, दुर्गंधि सुटूं नये, आणि मैल्याचें खत होऊन तें शेतांत जावें, ही त्यांची दृष्टि होती. खेडुताला परवडेल असा सोपा संडास त्यांनीं लोकांपुढें ठेवला. ज्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आज गोपुरी आहे, तोच जिल्हा २०१६ च्या केंद्र सरकारच्या ग्रामीण स्वच्छता पाहणींत सपाट प्रदेशांतील जिल्ह्यांत पहिला आला. एका माणसाच्या कामाचें सर्व श्रेय त्यांत शोधणें बरोबर नव्हे. पण जेथें पूर्वीं नांगरट झाली तेथें पीक लवकर येतें, हेंहि खोटें नव्हे.

विदर्भांतील गाडगे महाराज यांनीं यात्रांच्या गर्दींतच आपली शाळा भरविली. १८७६ सालीं जन्मलेले व १९५६ सालीं दिवंगत झालेले हे संत यात्रेच्या गांवीं गेले कीं आधीं खराट्यानें रस्ते झाडीत आणि मग रात्रीं कीर्तन करीत. पंढरपूर, नाशिक, आळंदी इत्यादि ठिकाणीं त्यांनीं धर्मशाळा उभारल्या. महाराष्ट्र सरकारनें २०००-०१ सालीं ग्रामस्वच्छतेचें अभियान काढलें, त्याला त्यांचेंच नांव दिलें. कायद्याचें पाऊल मात्र सावकाश पडलें. मुंबई सरकारनें १९४९ सालीं बर्वे समिति नेमून सफाई करणाऱ्यांच्या स्थितीची चौकशी केली. मैला वाहण्याच्या प्रथेस बंदी करणारा केंद्राचा कायदा आला तो १९९३ सालीं, आणि तो अपुरा ठरला म्हणून दुसरा करावा लागला तो २०१३ सालीं.

आगगाडीनें या इतिहासांत एक निराळें प्रकरण जोडलें. गाडीचा डबा म्हणजे जमिनीवरचें बेटच. चालत्या गाडीला ‘बाहेर’ नसतें. १९०९ सालीं ओखिलचंद्र सेन नांवाच्या बंगाली प्रवाशानें अहमदपूर स्टेशनावर घडलेली आपली फजिती साहेबगंजच्या रेल्वे कचेरीला कळविली. तो शौचास उतरला असतां गार्डानें शिट्टी दिली, आणि एका हातांत लोटा व दुसऱ्या हातांत धोतर सांवरीत धांवतांना तो फलाटावर सर्वांसमक्ष पडला. मोडक्या इंग्रजींतलें तें पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयांत जपून ठेवलें आहे. लोक तें वाचून हंसतात; पण त्या पत्रांत एका गृहस्थाचा भर स्टेशनावर झालेला अपमान आहे, हें विसरतां कामा नये. १९१७ सालीं गांधीजींनीं तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर लिहिलें, त्यांतहि डब्यांतील शौचकूपांच्या घाणीचें वर्णन आहे. डब्यांत शौचकूप आले तरी मैला रुळांवरच पडे. तो साठविणारे जैविक शौचकूप गाड्यांना बसविण्याचें काम देशभर पुरें होण्यास २०१९ साल उजाडलें.

तापी खोऱ्यांतील रेल्वे सुरतेहून खानदेशांत आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. तिच्यावरील नवापूर स्टेशनाची मौज सर्वश्रुत आहे. १ मे १९६० रोजीं मुंबई राज्याचीं दोन राज्यें झालीं, आणि सीमेची रेघ नेमकी या स्टेशनांतून गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रांत राहिली. स्टेशनमास्तरची कचेरी, प्रतीक्षागृह व शौचकूप गुजरातेंत गेले. म्हणजे नंदुरबार जिल्ह्यांत तिकीट काढणाऱ्या उतारूला शरीरधर्मासाठीं परराज्यांत जावें लागतें. ही गोष्ट विनोदाची खरी. पण तिच्यांत एक समाधानहि आहे. सीमा बदलली, भाषा बदलली, तरी शौचकूप कोठें आहे हें तेथें ठरलेलें आहे, आणि उतारू तेथें बिनदिक्कत जातो. ज्या यात्रास्थळीं तो ठरलेलाच नाहीं, तेथील पाहुणा नवापूरच्या उतारूहून अधिक अडलेला असतो.

हा अडलेला पाहुणा स्त्री असेल तर त्या अडचणीला सीमा राहत नाहीं. पुरुष आडोसा शोधतो. स्त्री अंधाराची वाट पाहते. प्रवासाच्या दिवशीं सकाळपासून पाणी न पिणें, हा मार्ग आपल्याकडील असंख्य स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या पत्करीत आल्या. त्यापासून मूत्रमार्गाचे विकार होतात, उन्हांत घेरी येते, आणि गरोदर स्त्रीला तर तें विशेष अपायकारक ठरतें. मुंबईंत २०११ सालीं स्त्रियांच्या संघटनांनीं या हक्कासाठीं चळवळ उभी केली. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’च्या अर्जावर डिसेंबर २०१५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें महानगरपालिकांना रस्त्यांवर स्त्रियांसाठीं स्वच्छ व सुरक्षित शौचकूप बांधण्याचे आदेश दिले. तो निकाल शहरांपुरता होता. डोंगरांतल्या यात्रेस जाणारी स्त्री त्याच्या कक्षेबाहेर राहिली.

आतां पुन्हां नंदुरबार जिल्ह्याकडे वळावें. समुद्र येथून दूर. पण दूरच्या समुद्रकांठच्या गांवीं पाहुण्याला जी अडचण पडते, तीच येथें डोंगरांत व नदीकांठीं पडते. तोरणमाळ हें सातपुड्याच्या माथ्यावरचें थंड हवेचें ठिकाण. सातपायरी घाट चढून तेथें गेलें म्हणजे यशवंत तलाव, सीताखाई व गोरखनाथाचें मंदिर दिसतें. महाशिवरात्रीला तेथें मोठी यात्रा भरते. सारंगखेड्यास दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा व घोड्यांचा बाजार भरतो. अलीकडे त्याला चेतक महोत्सवाची जोड मिळाली. दिवाळीच्या सुमारास हजारों आदिवासी भाविक अस्तंबा डोंगर चढतात. होळीला काठी येथें रात्रभर ढोल वाजतो. यांतलें प्रत्येक ठिकाण एरवीं शांत, आणि ठराविक दिवशीं माणसांनीं तुडुंब भरणारें. वर्षांतून चार दिवसांसाठीं पक्कें बांधकाम परवडत नाहीं, आणि तात्पुरतें केलें तर पुढच्या वर्षीं पुन्हां आरंभापासून आरंभ. हें दुहेरी कोडें सर्व यात्रास्थळांपुढें आहे. पंढरीच्या पालखीमार्गावर २०१५ च्या सुमारापासून फिरते शौचकूप तळांतळांवर नेण्याची पद्धत पडली, ती या कोड्याचें एक उत्तर होय. परंतु जेथें गाडीच चढत नाहीं, त्या अस्तंब्याच्या वाटेला तें उत्तर लागू पडत नाहीं. तेथें पायथ्याशींच नीट सोय केली पाहिजे.

दुसरी एक गोष्ट बदलली आहे. प्रकाशा व सारंगखेडा या दोन्ही ठिकाणीं तापीवर आतां बंधारे झाले आहेत. पूर्वीं वाहतें पाणी कांठची घाण पुढें नेत असे. तें योग्य होतें असें नव्हे, पण निदान ती एका जागीं सांचत नसे. आतां पाणी तुंबून राहतें, आणि कांठावर जें पडतें तें पावसाबरोबर त्याच पाण्यांत येतें. पूर्वींचें ‘बाहेर’ होतें तेथें ऊंस व केळी उभ्या राहिल्या, रस्ते रुंद झाले, दिवे लागले. रान कमी झालें, माणसें वाढलीं. वाटसरूचा आडोसा गेला. त्याच्या जागीं भिंत व दार मात्र सर्वत्र आलें नाहीं.

सरकारी मोजणींतहि वाटसरू निसटतो. स्वच्छ भारत अभियान २ ऑक्टोबर २०१४ रोजीं सुरू झालें, आणि १८ एप्रिल २०१८ रोजीं ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. ही मोजणी मुख्यतः घरांची होती. किती घरांना शौचकूप आहे, हा तिचा प्रश्न. त्या प्रश्नानें खेड्यांतल्या लक्षावधि स्त्रियांचें जिणें सुसह्य झालें, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु यात्रेकरूला त्या गांवांत घरच नसतें. गांवांतील प्रत्येक घरीं शौचकूप असूनहि परक्या माणसाला बांधाआड बसावें लागलें, तर कागदावर तें गांव शुद्ध आणि त्या माणसाची लाज मात्र उघड्यावर, असा प्रकार होतो.

यावर उपाय अवघड नाहीं, आणि तो इतिहासानेंच शिकविला आहे. हरिद्वारनें शिकविलें कीं जागा पाण्यापासून दूर हवी. लंडननें शिकविलें कीं स्वच्छ जागेसाठीं माणूस पैसा देतो. गोपुरीनें शिकविलें कीं जी व्यवस्था दुसऱ्या माणसाला हीन बनविते ती व्यवस्थाच नव्हे. नवापूरनें शिकविलें कीं जागा ठरलेली व सर्वांना दिसणारी असावी. म्हणून एस.टी.च्या थांब्यापासून पुढें मराठींत व जवळच्या बोलींत ठळक पाटी असावी, चित्र असावें, कारण पुष्कळ यात्रेकरूंना वाचतां येत नाहीं. आंत पाणी असावें, रात्रीं दिवा असावा, स्त्रियांच्या दाराला आंतून कडी असावी. दाराला बाहेरून कुलूप लावून किल्ली भलत्याच्याच घरीं ठेवण्याची रीत बंद व्हावी. आणि जो किंवा जी तें स्वच्छ ठेवील त्यांना यंत्रें, हातमोजे व पुरा पगार मिळावा. नाहींतर जुनें पाप नव्या फरशीवर पुन्हां उभें राहील.

आपल्या देशांत पुण्याची यादी मोठी आहे आणि ती काळाबरोबर वाढत आली आहे. तहानलेल्याला पाणी, भुकेल्याला अन्न, थकलेल्याला निवारा, हीं तिच्यांतलीं जुनीं नांवें. चौथें नांव त्या यादींत घालण्यास कोणत्याहि शास्त्राची आडकाठी नाहीं. सारंगखेड्याच्या बाजारांत दूरदेशाहून घोडा घेऊन आलेला व्यापारी, प्रकाशाच्या घाटावर नातवंडाचा हात धरून उतरणारी वृद्धा, तोरणमाळचा घाट चढून आलेली शाळेची सहल, या सर्वांना पहांटे एकाच गोष्टीची गरज असते. ती गरज न विचारतां भागावी, म्हणून एखाद्या दात्यानें धर्मशाळेच्या शेजारीं चार भिंती बांधाव्या, त्यांच्या निगेसाठीं कायमची रक्कम ठेवावी, आणि दारावर आपल्या आईबापांचें नांव निःसंकोचपणें कोरावें. त्या दिवशीं दगडांचें मौन सुटेल, आणि वाटसरूची ही जुनी अडचण इतिहासांत जमा होईल.